योग यावा लागतो : अवचित भेटींविषयी एक संवाद

ठरवून न झालेली एखादी भेट आयुष्याला वळण देऊन गेली, की तिची वेळ कुणीतरी आधीच नेमून ठेवली होती असे माणसाला वाटू लागते. एसटी चुकली म्हणून पुढच्या गाडीत शेजारी बसलेला माणूस पुढे व्याही होतो. पावसाने अडवले म्हणून ज्या दुकानाच्या पायरीवर उभे राहावे, तिथेच नोकरीची बातमी कानावर पडते. रत्नागिरीकडे अशा वेळी ‘योग होता’ म्हणतात आणि कामाला लागतात. या म्हणण्यात नुसती श्रद्धा आहे, बोलण्याची सवय आहे, की तपासून पाहता येईल असे काही विधानही आहे, हा इथला प्रश्न आहे.

या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तर देणारी माणसे याच जिल्ह्यात होऊन गेली. पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांना त्यांचे मामा केशवराव गोखले यांनी पुण्याला गणेशनाथ वैद्य यांच्याकडे नेले आणि तिथे त्यांना नाथपंथाचा अनुग्रह मिळाला. पुढे मोठ्या आजारानंतर स्वामी पावसलाच राहिले. सुमारे चाळीस वर्षे ते गाव सोडून कुठे गेले नाहीत, माणसे त्यांच्याकडे येत राहिली. गुरू शोधून सापडत नाही, वेळ झाली की भेटतो, असे या परंपरेत मानतात. दुसरीकडे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी पोथीनिष्ठेवर कठोर टीका करणारे लेखन केले. दापोलीकडच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. बुद्धिवादी म्हणून ते जन्मभर उघडपणे वावरले.

पुढील संवादात पहिली बाजू बुवा मांडतात आणि दुसरी मास्तर. बुवा कीर्तनकार आहेत, मास्तर संख्याशास्त्र शिकवतात. ही कोणा विशिष्ट व्यक्तींची नावे नव्हेत, रत्नागिरीच्या कुठल्याही आळीत शेजारी-शेजारी आढळणाऱ्या दोन मनोवृत्तींची आहेत.

वादाची सुरुवात उत्तम पुराव्यापासून व्हावी, म्हणून बुवा ऐकीव चमत्कार बाजूला ठेवतात आणि धोंडो केशव कर्व्यांचा पुनर्विवाह पुढे करतात. मुरुडचे कर्वे आणि देवरुखचे नरहरपंत जोशी हे मित्र मुंबईत एकत्र बिऱ्हाड करून राहत होते. नरहरपंतांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली. भावाने तिला शिकवण्यासाठी मुंबईला आणले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले, तेव्हा गोदूबाई तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले. त्याच वर्षी टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला माणूस कमी पडला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतले. कर्वे १८९१ मध्ये पुण्यात आले. त्यांची पहिली पत्नी राधाबाई त्याच वर्षी वारली होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्वे आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणू लागले.

बुवा : मास्तर, यातला एक तरी दुवा कर्व्यांनी स्वतः घडवला होता का? सदन पुण्याला कुणी नेले? रमाबाईंनी. जागा कुणी रिकामी केली? टिळकांनी, आणि तीही भांडणातून. बोलावणे कुणाचे? गोखल्यांचे. एकाला दुसऱ्याच्या मनातले ठाऊक नाही, आणि तरी दोन माणसे एका गावात येऊन उभी राहतात. सदन उघडले तीच तारीख लग्नाची. याला मी योग म्हणतो.

मास्तर : तारखेचे आधी घेऊ, बुवा. वर्षात तीनशे पासष्ट दिवस आहेत. या गोष्टीत दोघांचे जन्मदिवस आहेत, पहिली लग्ने आहेत, राजीनामा आहे, नेमणूक आहे, संस्थांचे स्थापनादिन आहेत. यातल्या कुठल्याही दोन तारखा जुळल्या असत्या, तरी तुम्ही हेच म्हणाला असता. कुठली जोडी पाहायची ते आधी सांगितले नव्हते, म्हणून जुळलेल्या जोडीचे वजन फार धरता येत नाही.

बुवा : बरे, तारीख सोडली. बाकीचे दुवे?

मास्तर : त्या दुव्यांतली माणसे कुठली ते पाहा. टिळक जन्मले रत्नागिरीत, गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला. कर्वे मुरुडचे, जोशी देवरुखचे. गोखले आणि कर्वे एल्फिन्स्टनला बरोबर शिकलेले. त्या काळात इंग्रजी शिकलेले, एकाच जातीतले, एकाच जिल्ह्यातून मुंबई-पुण्याला गेलेले तरुण असे होते किती? एकमेकांना ओळखणार नाहीत असेच थोडे. गणिताचा माणूस हवा झाला, की गोखल्यांच्या डोळ्यांपुढे कर्वे येणार. विधवेशीच लग्न करायचे असे कर्व्यांनी ठरवल्यावर शिकलेली विधवा म्हणून मित्राचीच बहीण आठवणार. मुलींसाठी अशी सदने होती तरी किती? ही भेट अवचित दिसते खरी, पण ती ज्या वर्तुळात झाली तेच वर्तुळ लहान होते.

मास्तरांचा हा मुद्दा वजनदार आहे आणि रत्नागिरीच्या बाबतीत तो पुन्हा पुन्हा लागू पडतो. या जिल्ह्यातली माणसे दीडशे वर्षे पोटासाठी मुंबईला जात आली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख १५ हजार होती आणि दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. घरटी एखादा पुरुष बाहेर असतो, त्याची ही खूण. बाहेर गेलेली माणसे गावाच्या मंडळाच्या खोलीत एकत्र राहिली, एकाच गिरणीत लागली, एकाच बोटीने परतली. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोट बंद असे, त्यामुळे शेवटच्या आणि पहिल्या बोटीला सगळा मुलूख एका धक्क्यावर जमे. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हापासून ही गर्दी फलाटावर आली. गणपतीच्या आधल्या रात्री रत्नागिरी स्टेशनच्या फलाटावर उभे राहिले, की हे स्पष्ट दिसते. पावसाळी वेळापत्रकामुळे गाड्या हळू चालतात आणि उशिरा येतात. उतरलेली माणसे सामान पायाशी ठेवून रिक्षाची किंवा घरच्यांची वाट पाहत थांबतात. एकाच्या हातात मखराचा पुठ्ठा, दुसरीच्या खांद्यावर झोपलेले मूल. तेवढ्यात कुणीतरी हाक मारते, ‘अगे, तू इकडे कशी?’ वीस वर्षांनी भेटलेल्या दोन वर्गमैत्रिणींना ती भेट देवाने घडवल्यासारखी वाटते. दोघींची माहेरे एकाच तालुक्यात आहेत, दोघी उपनगरांत राहतात आणि दोघींना चतुर्थीच्या आत घर गाठायचे आहे, हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात येत नाही.

मास्तर : डब्यात बहात्तर बर्थ असले, तर माणसांच्या जोड्या २५५६ होतात. नुसती तेवीस माणसे घेतली तरी जोड्या २५३, आणि त्यांत दोघांचा जन्मदिवस एक असण्याचा संभव निम्म्याहून थोडा अधिक. आपण माणसे मोजतो, जोड्या मोजायचे विसरतो. लिटलवुड या केंब्रिजच्या गणितज्ञाच्या नावाने एक हिशेब सांगतात. जागेपणी, लक्ष असताना, सेकंदाला एक घटना धरली, तर महिन्याभरात दहा लाखांच्या आसपास घटना होतात. म्हणजे दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट महिन्यातून एकदा घडली, तर नवल नाही.

बुवा : हिशेब पटला. पण तो सांगतो, की डब्यात कुणीतरी कुणालातरी भेटणार. हीच तिला का भेटली, आणि ज्या आठवड्यात तिच्या घरी दुःख झाले त्याच आठवड्यात का, हे तो सांगत नाही.

मास्तर : नाही सांगत. एका घटनेचे ‘का’ माझ्या शास्त्राला विचारता येत नाही. तशा शंभर घटना मिळून काय होईल, एवढेच ते सांगते.

मास्तरांच्या शास्त्राची मर्यादा त्यांच्याच तोंडून इथे उघड होते आणि बुवांच्या बाजूचा खरा आधार नेमका तिथेच आहे. संभवाचे गणित माणसाला गर्दीतला एक म्हणून पाहते. ज्याला भेट घडली, त्याच्यासाठी ती एकच असते. दुःखात असलेल्या बाईला मैत्रीण भेटली, तर त्या भेटीचा अर्थ तिच्या दुःखातून येतो, जोड्यांच्या संख्येतून येत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. रुग्ण बाई सोन्याच्या भुंग्याचे स्वप्न सांगत असताना खिडकीच्या काचेवर तसलाच कीटक येऊन आपटला, ही त्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. अशा जुळण्यामागे कारण नसते पण अर्थ असतो, असे युंग यांचे म्हणणे. बुवांसारखे लोक हा दाखला आनंदाने देतात, पण तो त्यांच्या फारसा कामाचा नाही. देवाने भेट घडवली म्हटले, की देव तिचे कारण झाला. युंग यांना तर कारणच नको होते.

अर्थ आणि कारण यांची गल्लत कशी होते, हे पाहायला रत्नागिरीहून चांगले ठिकाण नाही. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेच्या सिंहासनावरून उतरवले आणि पुढच्या वर्षी कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवले. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून असलेला थिबा पॅलेस त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून झाला. तिथेच १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. त्याच्या हयातीतच, १९०८ मध्ये, टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात पाठवण्यात आले. मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीत जन्मलेला लोकमान्य मंडालेत. १९१०–११ च्या हिवाळ्यात टिळक तिकडे पेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते, तेव्हा राजा इकडे नव्या वाड्यात समुद्राकडे पाहत दिवस काढत होता.

बुवा : ही अदलाबदल कुणी योजली असेल? कुणा कारकुनाला तरी ती सुचली असती का?

मास्तर : कारकुनालाच सुचली, बुवा. राज्य एक होते आणि त्याची रीतही एकच होती. ज्याला लोक मानतात, त्याला त्याच्या लोकांपासून समुद्रापलीकडे नेऊन ठेवायचे. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती, मागे सह्याद्री आणि पुढे दर्या. मंडाले पुण्यापासून तितकीच तुटलेली. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा रंगूनला नेला, तोही त्याच रीतीने. सावरकरांना जिल्हा सोडायची बंदी घालून इथे ठेवले, तेही त्यातलेच. शिवाय टिळकांनी दहाव्या वर्षीच रत्नागिरी सोडली होती. त्यांची अटक पुण्याचे पुढारी म्हणून झाली.

इथे बुवांची बाजू लंगडी पडते आणि ती पडू द्यावी. या अदलाबदलीत कुणाची भेट झाली नाही, कुणाची वेळ साधली नाही, कुणाचे भले झाले नाही. वाचणाऱ्याच्या मनात जो शहारा येतो तो नकाशावरच्या आकृतीचा आहे. ती आकृती खरी आहे, पण तिच्यामागचा हात सरकारी हुकूमनाम्यावर सही करणारा आहे. मात्र टिळकांनी त्या सक्तीच्या वेळेचे जे केले, ते कुठल्याही हुकुमात नव्हते. या दुसऱ्या गोष्टीकडे नंतर यावे लागेल.

ठरवून झालेल्या भेटींबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. १ मार्च १९२७ रोजी गांधीजी रत्नागिरीत आले असताना सावरकरांच्या घरी जाऊन त्यांना भेटले. शुद्धी आणि अस्पृश्यता या विषयांवर बोलणे झाले. मतभेद होते तसेच राहिले आणि दोघांची पुन्हा अशी भेट झाल्याचे दिसत नाही. त्या काळातल्या दोन मोठ्या माणसांची समोरासमोर गाठ पडूनही काही जुळले नाही. म्हणजे गाठ पडली तेवढ्याने वळण लागत नाही, इतके तरी यावरून म्हणता येते.

वादाचा सर्वांत अवघड भाग चुकलेल्या वेळेचा आहे. बुवांकडे त्याचा एक आवडता दाखला आहे. १८७५ च्या पावसाळ्यात सतरा वर्षांचे कर्वे सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला निघाले. शंभराहून अधिक मैलांची वाट, डोंगर चढून, चिखल तुडवत, पायी. वेळेत पोहोचले, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबाने तोंडाकडे पाहून सांगितले, की हा मुलगा सतराचा वाटत नाही. परीक्षेला बसू दिले नाही.

बुवा : बसले असते तर पास झाले असते. कुठल्यातरी गावी मराठी शाळेत मास्तर झाले असते आणि तिथेच राहिले असते. मुंबई नाही, एल्फिन्स्टन नाही, फर्ग्युसन नाही. त्या दिवशी दार बंद झाले ते बरेच झाले.

मास्तर : आणि बसू दिले असते आणि पुढे तरीही मुंबईला गेले असते, तर तुम्ही म्हणाला असता, साहेबाला सुबुद्धी सुचली तोही योगच. दार उघडले तरी योग, लागले तरी योग. असे विधान कधीच खोटे ठरू शकत नाही, म्हणून त्यातून कळत काहीच नाही. आता मी एक चुकलेली वेळ सांगतो. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसला निघाली. सणाला घरी जाणारी माणसे, बाजार करून परतणारे कोळी. वाटेत वादळी वाऱ्यात बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी धक्क्यावर उशिरा पोहोचलेले, तिकीट न मिळालेले लोक असणारच. त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले असतील, की वाटेत कुणीतरी भेटले, दोन शब्द बोलत थांबलो, बोट चुकली, देवाने वाचवले. पण वाटेत कुणीच न भेटल्यामुळे जे वेळेवर पोहोचले, त्यांचे काय? ते सांगायला उरले नाहीत. तुमच्या सगळ्या गोष्टी वाचलेल्यांनी सांगितलेल्या आहेत.

बुवा : या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

मास्तर : आणि राधाबाई? त्या वारल्या म्हणून पुढचे सगळे झाले. कर्व्यांच्या आयुष्याचा योग म्हणताना त्यांच्या मरणाला पायरी करायचे? गोदूबाईंचे आठव्या वर्षीचे वैधव्यही त्याच योजनेत धरायचे?

बुवा : ते मी धरणार नाही. मरण कुणाच्या तरी भल्यासाठी आले असे कीर्तनात सांगणारे आहेत. मी सांगत नाही. राधाबाईंचे मरण राधाबाईंचे, आणि ते दुःखच. माझे म्हणणे इतकेच, की त्यानंतर जे सामोरे आले ते कर्व्यांनी स्वतःचे कर्तृत्व मानले नाही, तर कुणीतरी हाती दिल्यासारखे सांभाळले.

बुवांच्या या उत्तराने वादाची जागा बदलते. ‘भेट देवाने घडवली’ हे घटनेच्या कारणाविषयीचे विधान आहे. रामदास बोटीपुढे ते टिकत नाही, कारण तारणारा देव मानला, की न तारलेल्यांचा हिशेबही त्याच्याकडेच मागावा लागतो. ‘भेट हाती दिल्यासारखी सांभाळावी’ हे मात्र माणसाच्या वागण्याविषयीचे विधान आहे, आणि त्याला परंपरेत जुना आधार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्ध होण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली आणि दैव. दैव शेवटी येते, पाचातले एक म्हणून. आधीची चार नसतील तर नुसत्या पाचव्याने काही होते असे तिथे म्हटलेले नाही. मंडालेत लिहून १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याचा सगळा भर कर्मयोगावर आहे, आणि त्याच्या लेखकाने तो तुरुंगातल्या सक्तीच्या वेळात सिद्ध केला. दैवाला अजिबात जागा न देणारी ही परंपरा नाही. पण दैवाच्या हाती सगळे सोपवून मोकळी होणारीही ती नाही.

कोकणातल्या गावऱ्हाटीने तर वेळ विचारण्याची रीतच बांधून टाकली आहे. ग्रामदेवतेला कौल लावताना पाषाणावर किंवा मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवतात. मानकरी समोर बसतात. गुरव गाऱ्हाणे घालतो आणि जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. मग प्रश्न मोकळा करून सांगायचा : पालखी अमुक दिवशी बाहेर काढावी का, हे काम या वर्षी हाती घ्यावे का. मग वाट पाहायची. देवळात बोलणे थांबते. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कधी अर्धा-अर्धा तास काहीच पडत नाही. तेव्हा गाऱ्हाणे पुन्हा घालतात, प्रश्न बदलून पाहतात, कुणाचे काही चुकले असेल तर ते कबूल करायला लावतात.

मास्तर : फुलाचा देठ किती ओला आहे, दगड किती गुळगुळीत आहे, यावर ते पडणार. उजवे-डावे निम्मे-निम्मे.

बुवा : पडू दे की निम्मे-निम्मे! कौल उद्या काय होणार ते विचारायला नाही लावत, मास्तर. गावात दोन तट पडतात, कुणी मागे हटत नाही. अशा वेळी दोघांनी एकत्र बसून एका उत्तराला मान द्यायचा, त्यासाठी कौल. आणि देवासमोर प्रश्न नीट शब्दांत मांडावा लागतो, तिथेच निम्मे भांडण मिटते.

बुवांच्या बाजूचा हा सर्वांत मजबूत भाग आहे, आणि श्रद्धाळू माणसे तोच सहसा सांगत नाहीत. कौलात वेळ आणि दैव यांच्यावर माणसांनी स्वतःहून अटी घातल्या आहेत. प्रश्न आधी सांगायचा, उत्तराचा अर्थ आधी ठरवायचा, सगळ्यांसमक्ष पाहायचे. मास्तरांच्या शास्त्राला नेमके हेच हवे असते. अवचित भेटीला योग म्हणताना यातले काहीच होत नाही. तिथे उत्तर आधी येते, आणि प्रश्न मागाहून जुळवला जातो. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या परशुरामचे. त्यांनी ग्रंथाच्या पाचव्या खंडात काळ आणि मुहूर्त यांची जुनी वचने संशोधकाच्या शिस्तीने मांडली. मुहूर्ताचे शास्त्रही वेळ आधी सांगते, आणि आधी सांगितलेली गोष्ट तपासता तरी येते. तपासाला कधीच न सापडणारा तो मागाहून आठवलेला योग.

मग मागाहून आठवलेल्या योगात काहीच उरत नाही का? कर्व्यांच्याच आयुष्यातला आणखी एक प्रसंग दोघेही मान्य करतात. १९१५ मध्ये बनारसहून त्यांना टपालाने एक पाकीट आले. जपानचा प्रवास करून आलेले बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पाठवली होती. कर्व्यांनी ती वरवर चाळली आणि बाजूला ठेवली. तेव्हा ते हिंगण्याच्या आश्रमाच्या आणि महिला विद्यालयाच्या कामात गढलेले. काही महिन्यांनी, डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणात नवे काय सांगावे, याचा विचार करताना त्या पुस्तिकेची आठवण झाली. ती काढून नीट वाचली, आणि स्त्रियांसाठी मातृभाषेतून शिकवणाऱ्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना त्यांनी परिषदेपुढे ठेवली. १९१६ मध्ये ते विद्यापीठ पुण्यात सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव त्याला मिळाले. देणगीआधीची वर्षे कर्व्यांनी गावोगाव हिंडून वर्गणी जमवण्यात काढली होती, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते.

बुवा : पुस्तिका आधी आली, आमंत्रण नंतर. उलटे झाले असते तर भाषण दुसऱ्याच कशावर झाले असते.

मास्तर : कदाचित. पण अशी छापील पाने त्या वर्षी किती जणांच्या टेबलावर पडली असतील? वीस वर्षे विधवा मुलींना शिकवणाऱ्या माणसाच्या टेबलावर पडली म्हणून ती पुन्हा उघडली गेली. १८९६ ला आश्रम निघाला नसता, तर १९१५ ची पुस्तिका रद्दीत गेली असती.

बुवा : हे मी नाकारत नाही. नांगरलेल्या शेतात पडलेलेच रुजते. पण पाऊस शेतकऱ्याचा नसतो, एवढे तुम्हीही म्हणा.

मास्तर : म्हणतो. पाठवणारा बनारसचा, परिषद भरवणारे मुंबईचे, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. ते जुळणे कर्व्यांच्या हातचे नव्हते. त्याला मी योगायोग म्हणेन आणि तिथे थांबेन. तुम्ही पुढे जाऊन त्या जुळणीला हात लावणारा शोधता.

बुवा : शोधत नाही, मास्तर. हात जोडतो. आणि हात जोडून झाले, की पुस्तिका वाचायला घेतो.

मास्तर : मग मुरुडकरांचे काय म्हणाल? १८९३ ला याच जोडप्यावर गावाने बहिष्कार घातला. त्यांच्या दारीही हीच भेट आली होती.

बुवा : आली होती, आणि त्यांनी दार लावून घेतले. त्यांना योग नव्हता असे मी म्हणणार नाही. योग होता, त्यांनी तो घेतला नाही. तो दोष दैवावर घालता येत नाही.

या उत्तरावर मास्तर हरकत घेत नाहीत. त्यांची हरकत पुस्तिका बाजूला पडून राहिली त्या महिन्यांबद्दल आहे. ते महिने योग पिकण्याचे होते असे बुवा म्हणतात. मास्तरांच्या मते ते नुसते गेले, आणि पुस्तिका पहिल्या दिवशीच वाचली असती तरी चालले असते.